बारा दिवे

मांडवीच्या त्या गल्लीतलं विकाऊ घर बघायला पुण्याहून आर्या नावाची बाई आली, तेव्हापासून शेजारच्या श्रीपती मास्तरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. गेल्याच महिन्यात त्यांची बायको हेमा न्हाणीघरात पडली होती आणि मास्तर अंगणाच्या दगडी गडग्याशी उभे राहून घसा सुकेपर्यंत हाका मारत होते. कुणीच आलं नव्हतं.

हे अर्थात त्यांनी आर्याला सांगितलं नाही. कोकमाचं सरबत दिलं, विहिरीला बारमाही पाणी आहे हे दोनदा सांगितलं.

तिन्हीसांजेला घर बघून ती बाहेर आली आणि गल्लीतल्या बाकीच्या बाराही घरांच्या ओटीवर दिवे लागलेले बघून हरखलीच. "शेजार छान भरलेला दिसतोय हो, काका!"

"दिवा चुकत नाही इथे कुणाचा," मास्तर घाईघाईने म्हणाले. "मग, कधी येताय राहायला?"

"घर घेतलंच समजा. गणपतीत आणि मे महिन्यात येत जाऊ." ती जरा घुटमळली. "एरवी बंदच राहील. एक किल्ली तुमच्याकडे ठेवली तर चालेल? तेवढा सांजेचा दिवा..."

"चालेल की," मास्तर म्हणाले.

घरी हेमा दारातच वाती वळत बसली होती. "अहो, काय म्हणाली? राहणार ना?"

मास्तरांनी भिंतीवर ओळीने टांगलेल्या शेजाऱ्यांच्या अकरा किल्ल्यांकडे पाहिलं.

"आता रोज एक वात जास्त वळायला लागेल तुला."