अठरा गाठी

एरमेकचा फायदा सरळ होता. कॅन्सरच्या ऑपरेशनात बापाच्या पोटातून तपासायला काढलेल्या लसिकेच्या अठराही गाठी स्वच्छ निघाल्या, तर शुक्रवारच्या विमानानं कोरिया, तीन वर्षं जहाजं जोडायचं काम आणि परतल्यावर आपल्या गावी, नारीनमध्ये, स्वतःचं गॅरेज. एक जरी बिघडलेली निघाली, तर तिथल्या रिवाजानं धाकट्या मुलानं बापाजवळ घरी बसायचं आणि यादीतल्या पुढच्या माणसानं विमानात.

एक निघाली.

"असं क्वचितच होतं," सोमवारी बिश्केकच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोग मूत्राशयाच्या स्नायूपर्यंतसुद्धा गेला नव्हता. इतक्या लवकर गाठीत उतरत नाही सहसा. केमो लागेल. तीन आठवड्यांत सुरू करू. सोबत कोण राहणार?"

"मीच की, एजे," एरमेक म्हणाला. ताईला म्हणावं तसं.

"आणि वडिलांना काय सांगायचं, ते घरच्यांनी ठरवा."

ते ठरलेलंच असतं. रोग्याला खरं सांगायचं नाही, एवढं तिकडे शेंबड्या पोरालाही कळतं. दवाखान्याच्या फाटकाशी झेरॉक्सवाली बसते. तिनं मान वर न करताच विचारलं, "आई की वडील?"

"वडील."

"आकडा किती करू?"

"शून्य."

असं पुण्य आणि फायदा एकाच पिशवीत बसले. खरा कागद त्यानं जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला. खिशाचं बटण दोऱ्यावर लोंबत होतं, म्हणून वाटभर त्याचा हात छातीवरच होता.

अडचण एकच होती. त्याचे आके, म्हणजे वडील, नारीनच्या बाजारात मांस तपासणारे पशुवैद्य. चाळीस वर्षं मेंढीची गाठ सुरीनं चिरून पाहिल्याशिवाय त्यांनी कुठल्या धडावर शिक्का मारला नव्हता. "मांस खोटं बोलतं, गाठ बोलत नाही," म्हणायचे. मग जांभळा लंबगोल शिक्का, बाजूला स्वतःच्या हातानं तारीख, आणि फाटकावरच्या माणसाला तेच तीन शब्द: योग्य. जाऊ द्या.

मंगळवारी संध्याकाळी घरी पोचला तो दमलेला होता. जाकीट चुलीजवळ टांगून तिथंच आडवा झाला.

बुधवारी सकाळी चहाबरोबर त्यानं झेरॉक्सवालीचा कागद पुढे केला. आकेंनी चष्मा लावला. दोन महिने बाजाराचं तोंड पाहिलं नव्हतं, तरी त्यांचा अंगठा जांभळाच होता. ती शाई काही जन्मात जायची नाही, एरमेकला वाटलं.

"अठरा," आके म्हणाले. "मेंढीत इतक्या मी नाही बघत. चिरल्या सगळ्या, की वरवर चाचपल्या?"

"चिरल्या, आके. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या."

"तू पाहिल्यास?"

"मी कसा पाहणार?"

"तेच म्हणतो. आमच्या बाजारात प्रत्येक कसाई माल स्वच्छ म्हणूनच आणतो."

एरमेकनं कप खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. उठून खिडकी लावली. ती लावलेलीच होती.

"बस रे. मुंग्या चावतायत का तुला?"

"विमान शुक्रवारी आहे ना, आके. तुम्ही राहा म्हणालात तर राहीन."

आकेंनी बोट ठेवून शून्याची ओळ पुन्हा वाचली. मग चार घड्या घालून त्यांनी तो बशीखाली सरकवला.

"शून्य म्हणजे शून्य," ते म्हणाले. "जा."

गुरुवारी दारात त्यांनी रिवाजाप्रमाणे नान पुढे धरला. जाणाऱ्यानं एक घास चावायचा आणि उरलेला तो येईपर्यंत खिळ्याला टांगायचा.

"तीन वर्षं टिकेल का हो?" एरमेक हसला.

"नानचं काय, नान टिकतो." आकेंनी त्याच्या जाकिटाची बटणं लावून दिली, लहानपणी लावायचे तशी.

विमानतळावर त्यानं मनातल्या मनात जमाखर्च मांडला. आके निर्धास्त. डॉक्टरीणबाईंकडे फोन नंबर त्याचाच. तलासला दिलेल्या बहिणीला खऱ्या कागदाचा फोटो सोलहून पाठवायचा, मग पुढचं ती बघेल. तीन आठवडे हातात होते. कुणाचंच फार काही जात नव्हतं.

फोटो इथेच काढून ठेवावा म्हणून त्यानं आतल्या खिशात हात घातला. बटण सुटेना. कुणीतरी ते पक्कं शिवलं होतं, जाड काळ्या दोऱ्यानं, जनावरांना टाके घालतात तसं.

त्यानं कागद उलगडला. 'अठरापैकी एक' या ओळीवर जांभळा लंबगोल शिक्का होता. खाली ओळखीच्या अक्षरात लिहिलं होतं: योग्य. जाऊ द्या.

बाजूला तारीख होती. मंगळवारची.