आभाराची पाळी

टर्कीची ताटं बाजूला झाली तशी हार्लनची बायको मेव्हिस म्हणाली, "चला, आता आभार. ब्रिटापासून सुरू."

हार्लनची नजर सवयीनं मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. पावणेचार.

या घरात थँक्सगिव्हिंगचं जेवण कायम दुपारी एकला, कारण चारला धारा. जेवणानंतर एकेकानं कशाबद्दल तरी आभार मानायचे, अशी रीत. आभाराची पाळी फिरत फिरत त्याच्यापर्यंत येईतो हार्लन उठलेला असायचा. "तुमचं चालू द्या, गायी थांबायच्या नाहीत," म्हणत गमबूट चढवायचा. एकेचाळीस वर्षं त्यानं पाळी अशीच चुकवली होती.

ऑगस्टमध्ये गायी विकल्या. त्याचे गुडघे गेले होते, आणि मुलगा, कर्टिस, शहर सोडून यायला तयार नव्हता. भांडण असं झालं नाही. पण तेव्हापासून बापलेक फोनवर फक्त हवामानाचं बोलायचे.

कर्टिसच्या छोट्या ब्रिटानं नव्या सायकलचे आभार मानले, तिच्या आईनं नव्या नोकरीचे. कर्टिस बशीकडे पाहत म्हणाला, "सगळे इथं आहोत, त्याबद्दल," आणि घाईनं कॉफी ओढून घेतली.

मग सगळे हार्लनकडे बघायला लागले.

"आता कुठं पळशील?" मेव्हिस म्हणाली.

हार्लननं घसा खाकरला. नॅपकिनची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"हेल्गा," तो म्हणाला.

"हेल्गा कोण, आजोबा?"

"दाराजवळच्या खुंट्यावरची. तिच्या शेजारी ट्रूडी. मग ओपल. मग त्या जुळ्या, फर्न आणि आयव्ही..."

ब्रिटा खुदकन हसली. आजीनं तिच्या हातावर हात ठेवला. हार्लननं डोळे मिटले होते. एकेकीच्या पाठीवर थाप मारत गोठ्यातून चालावं तसा तो नावं घेत होता. अकराव्या खुंट्यापाशी अडला.

"मग ती ठिपक्यांची. खिडकीखालची." त्याची बोटं टेबलावर काहीतरी शोधत राहिली. "अरे देवा, तिचंच नाव..."



"मिनर्वा," कर्टिस म्हणाला. "डावीकडून गेलं की लाथ मारायची."

हार्लननं डोळे उघडले. "तुझा दात तिनंच पाडला."

"दोन दात, बाबा."

"दोन," हार्लननं कबूल केलं. "हं. पुढची?"

"क्लारा." कर्टिसनं खुर्ची पुढं ओढली. "आणि मग तुमची लाडकी."

"लाडकी-बिडकी कुणी नव्हती."

"मग तिला लपवून सफरचंदं कोण चारायचं? मी?"

हार्लन हसला, आणि हसता हसताच त्यानं नॅपकिन डोळ्यांना लावला.

मेव्हिसनं उठून दिवा लावला. बाहेर अंधारून आलं होतं. बापलेकांची गोठ्यातली एक रांग संपली होती; समोरची अख्खी बाकी होती.