नोटिशीला सणसणीत उत्तर

लालबागच्या जीवनभाऊंचा केळीच्या चिप्सचा धंदा बरा चालला होता. अशात इंदूरच्या एका कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. तुमचं पाकीट म्हणजे आमच्या पाकिटाची हुबेहूब नक्कल आहे, पंधरा दिवसांत खुलासा करा, असं तिच्यात म्हटलं होतं.

जीवनभाऊंनी कुणालाही न विचारता स्वतःच सणसणीत उत्तर लिहून काढलं. 'तुमचं पाकीट आम्ही उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही,' हे पहिलंच वाक्य त्यांना इतकं आवडलं, की ते त्यांनी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. मग फक्त शुद्धलेखन तपासून घ्यावं, म्हणून ते गल्लीतल्या वकील हिमानीताईंकडे गेले.

ताईंनी उत्तर वाचलं. मग भाऊंच्या चिप्सचं पाकीट मागून घेतलं आणि चष्मा लावून पुढून-मागून सावकाश पाहिलं.

"आणखी एक लिहा ना ताई," भाऊ छाती फुगवून म्हणाले. "दोन साल झाले, आमच्या मालाची एक शिकायत नाही आली."

 

"कशी येईल भाऊ? शिकायतीचा फोन नंबरपण तुम्ही त्यांचाच छापलाय."