रिकाम्या खोलीचा फोटो

ओल छतापासून पार शिलाई मशीनपर्यंत उतरली होती. तक्रारी करून करून शिवणवालीच्या तोंडाला फेस आला होता. घरमालकाचं एकच पालुपद, "आधी फोटो पाठवा, मग बघू."

तिने पाठवला. लगेच त्याचा फोन आला.

"बाई, खोली तर रिकामी दिसतेय. मग उद्या दुसरं बिऱ्हाड आणतो."

तिने फोटो उघडून पाहिला. ओल होती. मशीन, खाट, कपाट, काहीच नव्हतं.

"मेला मोबाइलच बिघडलाय! आई, तू बस बरं त्या भिंतीशी. आता कसा रिकामी म्हणतो बघू."

आई कण्हत टेकली, केस सावरून हसली. तिने फोटो काढला.

फोटोत नुसती ओल होती.

"आले का गं मी नीट?" आईने विचारलं.