तयार कान

"अकरा हजार दिनार!" वर्दियाने पिंजरा टेबलावर आदळायचाच काय तो बाकी ठेवला. "अहो डॉक्टर, पाखरू आहे हे. घोडा नव्हे."

शुक्रवारची, सुट्टीची दुपार होती. गॅसवरचा कुसकुस अर्धवट वाफेवर सोडून ती नवऱ्याबरोबर निघाली होती, कारण टॅक्सीत पिंजरा मांडीवर धरायला कोणीतरी हवं होतं. शुक्रवारी उघडा असलेला जनावरांचा दवाखाना जवळपास हा एकच, तोही तीन जिने वर. जिने चढताना तिला ढास लागली, तेव्हा लखदर मागे वळून म्हणाला होता, "हळू खोक ना. तो दचकतो."

तो म्हणजे बाशा. लाल तोंडाचं, पंखांवर पिवळा पट्टा असलेलं, मुठीत मावेल एवढं मक्नीन पाखरू. नऊ वर्षं त्यांच्या बैठकीच्या खिडकीत गात आलेलं. आज ते पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलं होतं आणि प्रत्येक श्वासाला त्याची शेपटी वरखाली होत होती.

लामिया डॉक्टरने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. "मावशी, दोन दिवस ऑक्सिजनच्या पेटीत ठेवावं लागेल. इंजेक्शनं आहेत, छातीचा फोटो आहे. आणि खरं सांगते, वय झालंय त्याचं. एवढं करूनही वाचेलच असं नाही."

"ऐकलंत हाजी?" वर्दिया नवऱ्याकडे वळली. "वाचेलच असं नाही! एवढ्या पैशांत बाजारात चार मक्नीन येतील. पिंजऱ्यासकट!"

"येतील," लखदर म्हणाला. "आणि चौघंही नुसती ओरडतील."

वर्दियाने कपाळावर हात मारून घेतला. गाण्याच्या बाबतीत या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. गोदीतली नोकरी संपल्यापासून त्याला दुसरा उद्योगच उरला नव्हता. कॉफीखान्यात लोक आपापले पिंजरे पांढऱ्या फडक्यात झाकून आणत आणि लखदर डोळे मिटून ऐके. कोणत्या पाखराने तान मधेच सोडली, कोणी गल्लीतल्या चिमणीची नक्कल उचलली, ते तो कॉफीचा पेला खाली न ठेवता सांगे. पैजा त्याच्या शब्दावर मिटत. असा तयार कान सगळ्या बाब-एल-वेद मोहल्ल्यात दुसरा नाही, असं लोक म्हणत.

लोकांचं काय जातंय म्हणायला! घरात त्या कानाचा नुसता जाच होता. बाशा गाऊ लागला की भांडं वाजवायचं नाही, नळ सोडायचा नाही. रात्री खोकला आला तर वर्दियाने उशी घेऊन स्वयंपाकघरात जायचं आणि दार लावून घ्यायचं, कारण पाखराची झोप मोडते. रमजानपासून हे असंच चाललं होतं आणि आता थंडी तोंडावर आली होती.

"याला त्रास कधीपासून होतोय?" लामियाने वही पुढे ओढली.

"बुधवारपासून," लखदर लगेच म्हणाला. "दुपारची बांग झाली तेव्हा तो गात होता. चौथी तान त्याने टोकापर्यंत नेलीच नाही. म्हटलं, थकला असेल. संध्याकाळी श्वासात बारीकशी टिकटिक आली. श्वास घेताना हं, सोडताना नाही. काल पहाटेपासून दोन्ही वेळा येते."

लामियाने बाशाला अलगद मुठीत घेतलं, त्याच्या एवढ्याशा छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकलं. मग तिने मान वर केली. "बरोबर आहे, काका. पण मला हे कानाला लावून ऐकावं लागलं. तुम्ही कुठून ऐकलंत?"

"शेजारच्या खोलीतून," लखदर म्हणाला. त्या तसल्या वेळीही त्याचा चेहरा जरासा खुलला.

ते पाहून वर्दियाच्या अंगाचा तिळपापड झाला. "पैसे कुठून आणणार आहात, ते सांगा की! तुमची या महिन्याची पेन्शन संपली. हे पिशवीतले माझे आहेत. थंडीच्या आत मला माझी छाती तपासून घ्यायचीय."

"काम पुढच्या महिन्यात होईल ना," लखदर अजिजीने म्हणाला. "तो नाही थांबायचा पुढच्या महिन्यापर्यंत."

पुढचा महिना! हे ती पाचव्यांदा ऐकत होती. ती काही बोलणार, तेवढ्यात पुन्हा ढास लागली आणि ती टेबलाला धरून वाकली. लखदरची नजर पाखरावर होती. त्याने ओठांवर बोट ठेवलं. "श्श..."

वर्दियाला आता हे सगळं असह्य झालं. तिने पिशवी उघडली आणि होत्या नव्हत्या तेवढ्या नोटा टेबलावर फेकल्या. "घ्या! ठेवा त्याला तुमच्या पेटीत! दोन दिवस तरी मला माझ्या घरात मोकळेपणी खोकता येईल!"

एवढं बोलायलाही तिला दोनदा थांबावं लागलं. लामियाने बाशाला अलगद पिंजऱ्यात ठेवलं. नोटांना तिने हात लावला नाही. ती वर्दियाकडे बघत राहिली.

"हा खोकला कधीपासून आहे, काका?"

"सांगितलं ना, बुधवारी दुपारच्या बांगेनंतर..."

"पाखराचं मी लिहून घेतलंय. मी मावशींचं विचारतेय."

लखदरने सवयीने डोळे मिटले. कॉफीखान्यात मिटायचा तसेच. खोलीत पाखराची टिकटिक ऐकू येत होती आणि वर्दियाचा श्वास, छातीत कुठेतरी अडकून परत येणारा. दोन्ही त्याला आता सारखेच स्पष्ट ऐकू आले. त्याने डोळे उघडले, डॉक्टरकडे पाहिलं, मग बायकोकडे वळला.

"कधीपासून गं?" त्याने तिलाच विचारलं.