भिंत आधी वाळू दे

हेमचंद्र बूट काढून आत आले, तोवर निवेदिताने बेडरूमच्या भिंतीला उलटा हात लावून पाहिलाही होता.

"ओल आहे," ती म्हणाली. "भिंत वाळल्याशिवाय करार नाही."

"एवढी ओल चालायचीच, मॅडम," हारून म्हणाला. "दर्या जवळ हाय. कपाट लावलं की दिसणार पण नाय."

हेमचंद्रांना हसू आलं. पुण्यातल्या प्रत्येक घरमालकाने त्यांना कपाटच लावायला सांगितलं होतं. उमेदीची सगळी वर्षं भाड्याच्या खोल्यांत गेली, पण मालकापुढे ब्र काढायची त्यांची कधी छाती झाली नाही. बायकोचा, सुरेखाचा, दमा त्याच खोल्यांतला.

काल बहरीन विमानतळावरून झिंजला तिच्या खोलीवर येतानाच निवेदिता म्हणाली होती, "बाबा, उद्या जुफेरला फ्लॅटवर जायचंय." त्यांना बरं वाटलं होतं. मैत्रिणीबरोबर एका खोलीत पोरगी किती दिवस काढणार?

आता मात्र त्यांना धाकधूक वाटायला लागली. निवेदिताने न्हाणीघराचा पंखा लावून पाहिला, गीझर तपासला, खिडकीच्या फटीतून येणारा जानेवारीचा गारठा हाताने चाचपला.

"हे सगळं मालकाने दुरुस्त करायचं. आणि पुढे गळती झाली तर तीही मालकानेच बघायची. करारात लिहायचं."

"लिवायला कशाला पायजे?" हारून कसनुसा हसला. "आजच खलास करूया, मॅडम. आमाला घाई हाय."

हॉलमध्ये त्याची बायको अल्फिया ओढणीने खिडकीची रुंदी मोजत होती. पडदेही देणार वाटतं, हेमचंद्रांच्या मनात आलं. माणसं वाईट नव्हती.

त्यांनी मुलीला बाजूला घेतलं. "निवू, फार ताणू नकोस. हातचं जाईल."

"जाऊ दे, बाबा. आईसारखं खोकत इथे कोणी राहायचं नाही."

एवढं बोलून ती परत न्हाणीघरातला नळ बघायला गेली. हेमचंद्र तिच्या पाठीकडे पाहत राहिले. आपल्याला जन्मात जमलं नाही ते ही पोर परक्या मुलखात, आवाज न चढवता करत होती. त्यांना तिचा इतका अभिमान वाटला की डोळेच भरून आले. मग आपणच का मागे राहायचं?

त्यांनी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि हारूनसमोर जाऊन उभे राहिले.

"हे बघा, मालक," त्यांचा आवाज त्यांनाच नवा वाटला. "माझी मुलगी म्हणते ते शंभर टक्के बरोबर आहे. आधी भिंत कोरडी करून द्या. त्याशिवाय आम्ही राहायला येणार नाही!"

हारूनने अल्फियाकडे पाहिलं. अल्फियाच्या हातातून ओढणी सुटली.

"तुमी राहाणार, काका?" त्याचा चेहरा उतरला. "मॅडमनी तर त्यांचं हे घर आमाला भाड्यानं द्यायचं कबूल केलंय."