जिना असलेलं घर

पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा आईनं आधी गॅस बंद केला, मग विषय काढला.

"मुलगा काही वाईट नाही गं."

"त्याच्या पहिल्या बायकोला दोनदा टाके पडले, आई. दोन्ही वेळा पट्टी मीच बांधली." लेक दवाखान्यात नर्स होती, गल्ली तिला सिस्टरच म्हणायची.

"त्यांच्याकडे जिना आहे."

अख्ख्या गल्लीत सगळी घरं बैठी, वरचा मजला एकट्या काकूंचा. दर वादळाला सगळे तिथंच. चहा मिळायचा, टोमणे मिळायचे, जीव वाचायचा. यंदा काकूंनी मुलासाठी मागणी घातली. परवाच सिस्टरनं नाही म्हणून कळवलं, आणि आज

सखल भागातील नागरिकांनी त्वरित सुरक्षित स्थळी

एवढं बोलून भोंगा बंद पडला. वीज गेली.

बाबांनी आजीला पाठुंगळी घेतलं. दारात गुडघाभर, वळणावर मांडीभर, काकूंच्या जिन्याशी पोचेस्तोवर पाणी कमरेच्या वर. काकू मधल्या पायरीवर, दोन्ही हात कठड्यांवर.

"या, या. फक्त एक सांगा. येताय ते शेजारी म्हणून, की सोयरे म्हणून?"

"वहिनी, ही थट्टेची वेळ आहे का?" बाबा म्हणाले.

"थट्टा कोण करतंय? यंदा शेजाऱ्यांना जागा नाही."

बाबांनी सिस्टरकडे पाहिलं, मग भिंतीकडे. आईनं पाहिलंसुद्धा नाही. "मला ठेवा इथंच," आजी पुटपुटली, "माझं काय राहिलंय आता." तेवढ्यात लोंढा आला, बाबांचा पाय सटकला, आजी पाण्याखाली जाऊन वर आली. ठसका थांबेना.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथं नाक आजीचं होतं.

"सोयरे," सिस्टर म्हणाली.

काकू बाजूला झाल्या. आजीला घेऊन बाबा चढले. मागून आई. सिस्टर शेवटी.

"सूनबाई," काकूंनी वरून हाक मारली. आवाज एकदम मायेचा. "खालचं दार लावून घे हो. कडी घाल. आता गल्ली लोटेल."

ती वळली. दाराबाहेर छातीभर पाण्यात शिंपीण, खांद्यावर लेकरू. दारात सिस्टर दिसली तसा तिचा चेहरा उजळला.

"धरून ठेव गं सिस्टर दार, आलेच मी!"